टाकीतली गोगलगाय

८ जानेवारी १९८५, संध्याकाळ

घरातल्या काचेच्या टाकीत तळ्याची माती घालून वाळूऐवजी आमच्या कारखान्यातल्या भट्टीचा स्लॅग, म्हणजे वितळलेल्या धातूची गोठलेली मळी, पसरला, फुकट मिळतो म्हणून. चूक माझीच. पाणवेलींसोबत आलेली गोगलगाय चार दिवस काचेवरून पाण्याबाहेर चढते आणि मी तिला परत आत सोडतो.

सुमी, माझी लेक, नागपूरच्या सासरहून दुसऱ्यांदा परत आली आहे. आज ती हळूच म्हणाली, "बाबा, पाणीच बिघडलं असंन. तिले पुन्हा पुन्हा आत कावून टाकून राहिले?"

मग स्लॅग काढला, नदीची वाळू घातली, पाणी बदललं. गोगलगाय आता तळाशी निवांत फिरते आहे.

परवाची नागपूरची दोन तिकिटं माझ्या खिशात आहेत. कावून आलीस, का परत आलीस, हे मी सुमीला एकदाही विचारलं नाही.