नकाशातली विहीर

मंगळवार, संध्याकाळ

आजही टँकर आला नाही, पण जीव अडकलाय तो दुसरीकडंच. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शेंद्रा गावातल्या एका शेताचा जुना नकाशा उघडेना. शेतातली विहीर फक्त त्यातच दाखवलेली होती. दुष्काळात ती आटली, मालकानं मुरूम टाकून बुजवली आणि वर प्लॉट पाडले. कागदी नकाशा साहेबांनी कधीच रद्दीत घातला, ‘आता सगळं डिस्कवर आहे’ म्हणून.

ऑफिसात ही नवी मोठी डिस्क बसवून दिलेल्या रफिकभाईंना बोलावलं. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ताई, या जुन्या विंडोजला एवढी मोठी डिस्क झेपत नाय. हद्द संपली की ते परत पहिल्यापासून लिहितं. जुन्याच्या वरच."

स्क्रीनवर तर अजूनही जागा शिल्लक दिसतीय! म्हणजे मी रोज प्लॉटांचे नवे लेआउट काढून साठवत होते आणि खाली एकेक जुनं शेत पुसलं जात होतं?

साहेब म्हणाले, "बुजवली ना विहीर? मग विषय संपला." कसा संपला? भरावाची माती खचते, हे त्यांना मी सांगायचं? दुपारी तिथं जाऊन आले. सगळं सपाट, चुन्याच्या रेघा. विहीर कुठल्या प्लॉटात होती, काही केल्या आठवेना.

निघताना ऑफिसातल्या सुनीतानं हातावर पेढा ठेवला. तिथंच प्लॉट घेतलाय तिनं, उद्या भूमिपूजन. मी म्हटलं, "थोडं थांबतेस का?"

ती हसली. "तुझ्या हातचा नकाशा बघूनच घेतला गं. मला कसली भीती?"

जागा शिल्लक. स्क्रीनवर अजूनही तेच दिसतंय.