नानांची गोळी

एरंडोल, मंगळवार, संध्याकाळ

आजचं आजच लिहून ठेवते.

नानांचा, माझ्या वडिलांचा, कॅन्सर हाडांत उतरलाय. कधी न कण्हणारा माणूस काल उपरण्याचं टोक दातांत धरून पडला होता. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यातच मॉर्फिनची गोळी लिहून दिली होती. जळगावात ज्या ज्या औषध दुकानात गेले तिथे एकच उत्तर, नाही ठेवत. एकजण खरं बोलला, "ताई, अफूपासून बनते ती. लायसन, तपासण्या... कोण मागे लावून घेईल?"

आज सकाळी शेजारचे चंपालालभाऊ आले. मूळचे राजस्थानचे. हळूच म्हणाले, "आमच्या आजोबांना सरकारी दुकानातून परवान्यावर अफू मिळायची. दुकानं बंद झाली, वाटा नाही झाल्या. म्हणशील तर उद्या आणून देतो."

मी हो म्हणणारच होते. आत नाना उपरणं चावत होते. पण किती द्यायची, कोण सांगणार? जास्त झाली तर श्वासच थांबेल. आणि पकडले गेलो तर? नको म्हटलं, डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि धुळ्याची बस धरली. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात गोळ्या मिळाल्या, रीतसर, सही करून.

व्यसन रोखायला कायदा हवा, पटतं मला. पण चोरवाट शेजारी आणि औषध धुळ्याला, हे कसलं?

गोळीनंतर थोड्या वेळाने नानांचा जबडा सैल झाला.

"हाई अफूच शे ना, माय?"

"हो, नाना."

"मंग इतला दिन काबर नही दिन्ही?"

इतके दिवस का नाही दिली, ते सांगायच्या आत त्यांचा डोळा लागला. बरं झालं. चावलेलं उपरणं मी धुवायला टाकलं.