हिचा आवाज, दोन डिस्कवर

३ फेब्रुवारी

पुन्हा तुटलं! ही सकाळभर वाक्यं वाचत होती आणि निम्म्यांत मध्येच ‘टक्’. माईक ठीक, वायरी ठीक. दोष जुन्या हार्ड डिस्कचा — चार माईकमधून येणारं तिला लिहून उरकत नाही, मग ती गिळते. जन्मभर दुसऱ्यांच्या सिनेमांचं डबिंग स्वच्छ करत आलो, आणि घरच्या माणसाच्या आवाजाची ही गत!

सर्जनबाईंनी स्पष्टच सांगितलंय. गळ्यातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढायचं. नंतर ही बोलणार नाही. श्वाससुद्धा गळ्याला पाडलेल्या भोकातून. त्याआधी भरपूर वाक्यं रेकॉर्ड केली तर कॉम्प्युटरला हिच्या आवाजात बोलायला शिकवता येतं म्हणे. ते करून देणाऱ्यांची अट एकच — आवाज निर्मळ हवा.

५ फेब्रुवारी

कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या कार्डवाल्याकडे गेलो. म्हणाला, डिस्क चालवणारं कंट्रोलर कार्ड बसवा, त्याला दोन नव्या डिस्क जोडा. मग विचारलं, वेग हवा की जपणूक? जपणूक म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच ते. वेग म्हणजे प्रत्येक फाईलचे तुकडे करून अर्धे एकीवर, अर्धे दुसरीवर. “पण एक गेली, की दुसरी असून नसल्यासारखी,” हेही बजावलं त्याने. मी वेग घेतला. हिच्या आवाजात एकही खाच नको होती मला. प्रत काढून ठेवूच की बाहेर.

६ फेब्रुवारी

काय पळतंय! दिवसभरात एकदाही ‘टक्’ नाही. ही म्हणाली, माझ्यापेक्षा त्या कार्डाचंच कौतुक जास्त चाललंय.

९ फेब्रुवारी

हिची एक खोड — प्रत्येक वाक्याआधी ‘हं’. घरात कुणीही हाक मारली तरी उत्तर तेच. पोरगी दिवसातून शंभरदा “आई!” म्हणून ओरडते. काम काही नसतं. ‘हं’ ऐकू आलं की पुन्हा खेळायला लागते.

मी प्रत्येक ‘हं’ कापतो. श्वास, खाकरणं, आवंढेही. फेकत मात्र नाही — आमच्या धंद्यात श्वास कुणी फेकत नाही, कापलेल्या आवाजाचे सांधे बुजवायला लागतो. वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो. नाव दिलंय ‘कचरा’.

आज हिचा आवाज फारच घोगरा. घोट घोट पाणी पीत वाचत होती. मध्येच थांबली. “पोरीला रागावण्याची वाक्यंपण घे. नाहीतर नुसती गोड बोलणारी आई उरेल तिला.” घेतली. ही खोटं खोटं रागावत होती आणि मला रडू आवरत नव्हतं.

१३ फेब्रुवारी

ऑपरेशन अलीकडे आणलं. उद्याच भरती व्हायचं. हिची बॅग, पोरीला मावशीकडे सोडणं — नुसती धावपळ. प्रत काढायची राहिलीय. घरी आलो की आधी तेच.

१५ फेब्रुवारी

झालं. गाठ पूर्ण निघाली म्हणतात. शुद्धीवर आल्यावर हिने तोंड उघडलं. काही आलं नाही. मग माझा हात धरून पडून राहिली.

२२ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा घरी निवांत बसलो. कॉम्प्युटर लावला. आतून कुरकुर, आणि कार्डावर लाल दिवा. बंद करून पुन्हा लावला. लालच.

कार्ड शाबूत आहे. एक डिस्क गेली. नवीकोरी!

३ मार्च

बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या बाईंनी हात टेकले. दुसरी डिस्क धडधाकट आहे, पण तिच्यावर प्रत्येक वाक्याच्या नुसत्या चिंध्या. एकाच तुकड्यात मावून या डिस्कवर पडल्या अशा अगदी बारीक फायली तेवढ्या अख्ख्या निघाल्या, म्हणाल्या. त्या दिल्या. घरी येऊन नावं पाहिली.

सगळा ‘कचरा’.

कार्डवाल्याला शिव्या घालायच्या तर तोंड नाही. त्याने विचारलं होतं.

९ मार्च

ही घरी आली, पोरगीही मावशीकडून परतली. हिला सांगून टाकलं. हिने पाटी ओढून लिहिलं — ‘रागावण्याचीपण गेली?’ मी हो म्हणून मान हलवली. हिने पाटी पुसली आणि दुसरं काही लिहिलं नाही. त्यापेक्षा चार शिव्या लिहिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१० मार्च

पोरगी काल दोनदा “आई” म्हणून ओरडली. उत्तर नाही. आज हाकच मारत नाही. दारातून डोकावते, आई आहे एवढं बघते आणि जाते. घर इतकं गप्प कधीच नव्हतं. सोसवत नाही मला.

११ मार्च

‘कचरा’ लावून बसलो होतो. ही शेजारी. एक श्वास. खाकरणं. मग ‘हं’.

आतल्या खोलीतून लगेच — “आई!”

मी गडबडलो. हिने माझ्यावरून हात पुढे केला आणि कळ दाबली.

“हं.”

आतून पुढे काही आलं नाही. पोरगी पुन्हा खेळायला लागली होती.