कँपातल्या चर्चची तपासणी

४ जानेवारी १९७९
बडोद्याच्या कँपातलं जुनं कॅथलिक चर्च बघून आलो. बांधकाम खात्यातून निवृत्त झालो तरी लोक फुकटची अक्कल मागायला येतातच! पाडायचं की दुरुस्त करायचं, हे मी लिहून द्यायचं म्हणे.
दर्शनी भिंत दगडी वाटते. नखाने खरवडली — विटा! वर चुन्याचा गिलावा आणि त्यावर दगडांचे सांधे कोरलेले. शिखरावर पतंग अडकलेले, तेवढेच काय ते अस्सल.
कमला बरोबर आली होती. बायकोला तपासणीत काय रस, कोण जाणे. मागच्या बाकावर बसून राहिली.

६ जानेवारी
फादर मेनेझिसनी इतिहास ऐकवला. पलटणीतल्या आयरिश शिपायांनी बांधलं, मग रेल्वेतले गोवेकर आले, मग मल्याळी नर्सबाया. "दरेकाने काही ना काही जोडलं, साहेब." दिसतंय ना! टोकदार कमानी आयरिश, वेदीमागची सोनेरी नक्षी गोव्याची आणि ट्यूबलाइट बडोद्याच्या.
कमला आजही आली.

८ जानेवारी
छताच्या आत चढलो. खालून जी भव्य कमान दिसते ती चक्क पोकळ! लाकडी पट्ट्यांवर गिलावा चोपडून वरच्या, छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्यांना टांगलीय. पेलत काही नाही, नुसती लोंबकळते.
उतरून कमलाला सांगितलं.
म्हणाली, "असू दे. इथे बसलं की बरं वाटतं."
बरं वाटतं! बांधकामाची तपासणी करतोय मी, हवापालट नव्हे.

१० जानेवारी
चर्चच्या कमिटीचे मास्करेन्हस आमच्या अकोट्याच्या घरी आले. त्यांना तिथे नवा हॉल हवाय — चकचकीत फरशी, वर सिमेंटचा क्रॉस, रात्री त्यावर दिवे. जुन्या लोकांना निदान नक्कल तरी नीट करता येत होती!
"लखी आपो ने साहेब, पाडवा लायक छे."
पाडण्यालायक आहे असं लिहून द्या म्हणे. देतो म्हणालो. नाहीतरी ते सगळं सोंगच.
ते गेल्यावर कमला म्हणाली, "पाडा म्हणून लिहू नका."
"का?"
ती चहाचे कप उचलून आत गेली.

११ जानेवारी
कमला आज एकटीच जाऊन आली. रिक्षाने! घरचे देव कमी पडले वाटतं.

१३ जानेवारी
'पाडा' असं मत लिहिलेला कागद घेऊन चर्चमध्ये गेलो. फादरनी दारातच माझा हात धरला. "कमलाताईंचं ऑपरेशन कधी ठरलं?"
कसलं ऑपरेशन?
कागद खिशातच राहिला. तसाच घरी आलो. कमला मेथी निवडत होती. विचारलं.
"छातीत गाठ आहे. दिवाळीत कळलं."
"फादरना सांगितलंस. मला नाही?"
तिने मान वर केली नाही. "तुम्ही लगेच काहीतरी बोलला असता."
मी तिच्यासमोर खाली बसलो. मेथीची एक जुडी पुढे ओढली आणि निवडायला लागलो.