मापासाठी उभी केलेली मुलगी

६ सप्टें., शनि. अनंत चतुर्दशी.
गणपती बादलीत विसर्जन. आरतीला हे, केतकी आणि मी, तिघंच. पाणी गुलाबाला घातलं.
दुपारी शेजारच्या अमेरिकन म्हातारीकडे, बेटीकडे. ऐंशीची झाली, वृद्धाश्रमात चाललीय, अंगणभर सामान मांडून वाटतेय. काळ्या पानांचा एक जाड अल्बम दिसला, पुठ्ठा अजून भक्कम. "टेक इट, टेक इट. माझ्या डॅडचा. लष्करात फोटोग्राफर होते." घरी आणून आतले फोटो सोडवले. पडक्या भिंती नि ढिगारे, एवढंच दिसलं. चष्मा वरच्या मजल्यावरच राहिला होता. रिसायकलिंगच्या डब्यात टाकले. केतकीचे लहानपणीचे फोटो लावायला अल्बम झाला. खूश.

७ सप्टें., रवि.
डब्यात वर्तमानपत्रं टाकायला गेले. चष्मा होता. वरचा फोटो एका बाईचा, पाठमोरी. पाठीवर चौकटीचं कापड. मग कळलं, कापड नाहीच. चौकटी कातडीवर उठल्यात. अंगावरच्या कपड्याची नक्षी तशीच भाजून—
सगळे फोटो वेचून काढले. एकेक पुसला, तशी ढिगाऱ्यांत माणसं दिसत गेली. मागे टाइप केलंय: हिरोशिमा. शाळेत इतिहासाला ह्यावर चार ओळी पाठ केल्या होत्या. लिहून मार्क मिळवले होते.
मीच कचऱ्यात टाकले. दुसऱ्या कुणावर चिडायचं तर आधी ते आठवायचं.

१० सप्टें., बुध.
डिक्शनरी घेऊन मागच्या ओळी लावतेय. कौल किती वितळला. भिंत स्फोटापासून किती फुटांवर. खांबाची सावली कुठल्या बाजूला पडून राहिली. दगडाची एवढी चौकशी! बाईबद्दल काय, तर 'स्त्री, कपड्याची नक्षी.' संपलं.
एका फोटोत आठ-नऊ वर्षांची मुलगी. जिवंत. पायात काही नाही. पडक्या भिंतीला लागून ताठ उभी, डोळे मिटलेत उन्हानं. मागे भिंतीची उंची, आणि 'फिगर फॉर स्केल'. केतकीला विचारलं. म्हणाली, "म्हणजे भिंत किती मोठी ते कळावं म्हणून तिला उभं केलंय, आई."
फूटपट्टी! त्या पोरीची फूटपट्टी केली!
भात करपला. ह्यांनी दही कालवून खाल्ला.

१३ सप्टें., शनि.
बसनं बेटीच्या नव्या जागी. बरोबर अळूवड्या, तिला आवडतात. ठरवून गेले होते, ओरडायचं नाही. तीन वड्या खाईपर्यंत धीर धरला.
"तुला माहीत होतं अल्बममध्ये काय आहे?"
"डॅड फक्त त्यांचं काम करत होते. ही वॉज अ गुड मॅन."
"असतील. चांगल्या माणसाला त्या पोरीचं नाव विचारायला काय झालं होतं?"
"फॉर्मवर नावाला जागा नव्हती, हनी."
म्हणजे हिनं कधीतरी वडिलांना विचारलंय. आणि एवढ्या उत्तरावर गप्प बसली. तीस वर्षं कुंपणावरून टोमॅटो देतेय मला. प्रेमळ आहे, म्हणून जास्तच संताप. डबा तिथेच विसरले. परत आणायला जाणार नाही.

१७ सप्टें., बुध.
बेटीचा मुलगा ग्रेग आला. दारातच. आईनं चुकून दिलं, फोटो परत हवेत. एक संग्रह करणारा चांगले पैसे द्यायला तयार आहे. "दे आर इन ग्रेट कंडिशन," म्हणाला. कंडिशन!
रविवारी नेतो म्हणाला. हे म्हणाले, "देऊन टाक बाई, शेजारधर्म आहे." केतकी लायब्ररीत काम करते, तिचं वेगळंच. "आई, दीज बिलाँग इन ॲन आर्काइव्ह. विकले की कुणाच्या तरी कपाटात जातील, परत कुणी बघणार नाही." पण आर्काइव्हला, म्हणजे जुने दस्तऐवज जपणाऱ्या संस्थेला, बेटीच्या घरच्यांची सही लागते. ग्रेग कशाला देईल?
माझं म्हणणं कुणी विचारलं नाही. मलाही नीट सांगता आलं नसतं. त्यांना कुणीतरी माणसासारखं वागवल्याशिवाय इथून जाऊ द्यायचे नाहीत, एवढंच.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री.
सोवळ्यात स्वयंपाक, खीर, वडे, भाजणी नव्हती म्हणून उडदाचेच. ह्यांचं तर्पण, व्हिडिओवर नाशिकचे गुरुजी. सासरे झाले, आजेसासरे झाले, माझे बाबा झाले. ताम्हन उचलायला लागले तशी म्हटलं, थांबा. अजून आहेत. फोटो पाटावर मांडले.
हे: "अगं, जपानी माणसांचं तर्पण? त्यांना उडदाचे वडे चालतील का तरी?"
"तुम्हाला गेली तीस वर्षं चालतायत ना?"
गुरुजी हसले. मग विचारलं, "नाव, गोत्र?"
मागची बाजू कॅमेऱ्याला दाखवली. "फुटांत अंतर आहे, ते चालेल?" माझा आवाज चढला होता. गुरुजींनी पोथी मिटली. मग म्हणाले, "ताई, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी एक ओंजळ असतेच. नाव ठाऊक नाही म्हणा. गोत्र माहीत नसलं की काश्यप."
ह्यांनी ओंजळ सोडली. मन लावून सोडली, खोटं का लिहू.
मुलीचा फोटो मी आधीच बाजूला काढला होता. ती जिवंत उभी आहे. पुढे कुठे म्हातारी होऊन बसलीही असेल. जिवंत माणसाला तिळाचं पाणी कसं द्यायचं?
ग्रेग चारला येणार होता. त्याआधी प्रत्येक फोटोच्या मागे, त्यांच्या टाइपाच्या खाली लिहिलं: 'नाव विचारलं नाही. गोत्र काश्यप.' केतकी म्हणते फोटोवर पेन कधीच नाही, म्हणून पेन्सिलीनं. हात दुखला. मुलीच्या फोटोमागे वेगळं लिहिलं.
ग्रेग आला, न बघता खोकं घेऊन गेला.

२४ सप्टें., बुध. तिसरी माळ.
देवीला शेवंती वाहत होते, बेल वाजली. ग्रेग, खोकं घेऊन, तोंड लाल. गिऱ्हाईक नाही म्हणतंय. लिहिलेले नकोत त्याला.
"यू रूइन्ड देम! तुम्ही लिहिलंत, तुम्हीच पुसा."
खिशातून नवंकोरं खोडरबर काढलं. मी हात पुढे केला नाही.
"तुझ्या आजोबांनी पण लिहिलंय मागे. ते पुसायला सांगतोस का कुणाला?"
त्यानं खोक्यातून मुलीचा फोटो काढला. "सगळ्यांवर सेम आहे. ह्याच्यावर वेगळं का? व्हॉट डज इट से?"
सांगितलं. 'बाळ, तुझं नाव काय?'
फोटो पालथा धरून उभा होता, तो सुलटा करून बघायला लागला. किती वेळ ते सांगता येणार नाही, उदबत्ती पडली तेव्हा आत गेले. बाहेर आले तर खोकं चपलांच्या मांडणीवर, त्यावर खोडरबर. गाडीत बसता बसता म्हणाला, "शुक्रवारी येतो."
पुसलेले न्यायला की काय, ते बोलला नाही. केतकीनं तेवढ्यात आर्काइव्हचा फॉर्म छापून खोक्यावर ठेवलाय. सहीची जागा मोकळी.
खोडरबराचा कागद मी फाडलेला नाही.
खोक्यात मुलीचा फोटो नाही. दोनदा पाहिलं. तो घेऊन गेलाय.