वसाहतीच्या फाट्याचा नकाशा

आई,

वसाहतीच्या फाट्याला निधी मंजूर झाल्याचं पत्र आज ऑफिसात आलं आणि पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कामातलं काही सांगायचं म्हटलं की तूच आठवतेस. निलंग्याच्या पुढे ज्या गावच्या नगरपंचायतीत मी इंजिनिअर आहे, तिथं राज्यमार्गाच्या पलीकडे माळावर घरकुलांची मोठी वसाहत उभी राहिलीय. काही घरांत माणसं राहायलाही आलीत, पण तिकडं वळायला धड फाटा नाही. उसाचे ट्रॅक्टर, एसटी, सगळं भरधाव येतं आणि वळणारा जीव मुठीत धरून वळतो. नव्या वसाहतींच्या चौकांसाठी सरकारकडून निधी मिळणार होता. त्याचा प्रस्ताव करायचं काम माझ्याकडे आलं.

तू बांधकाम खात्यात ट्रेसर होतीस. साहेबांचा नकाशा पारदर्शक कागदाखाली ठेवून शाईनं जसाच्या तसा गिरवायचा, चुकलेली रेघ ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची, एवढंच तुझं काम. आपल्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी. मी सातवीत असेन, एका रविवारी तू मला एसटीनं मुखेडच्या रस्त्याला घेऊन जातेस. सोमवारी जो तिठा गिरवायचा आहे, तो तुला आधी डोळ्यांनी बघायचा असतो. आपण बाभळीखाली बसून भाकरी खातो. मी गाड्या मोजायला लागते, तेव्हा तू म्हणतेस, "गाड्या र्‍हाऊ दे. माणसं कुठून चालून राहिलीत ते बघ." बाजाराला निघालेल्या बाया टोपल्या घेऊन बांधावरच्या पायवाटेनं येत असतात. नकाशात नेमकी तिथंच खोल नाली आखलेली आहे.

पुढचं तू मला रोज संध्याकाळी पीठ मळता मळता सांगत गेलीस. तू साहेबांना पायवाटेचं बोललीस, तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुम्ही गिरवायचं काम करा. विचार करायला आम्ही आहोत." तू "हाव साहेब" म्हणालीस आणि गिरवलंस. पण बायांच्या पायवाटेवर शिसपेन्सिलीनं तुटक रेघ मारून कागद त्यांच्यापुढे ठेवलास. त्यांनी ती खोडायला लावली, तू खोडलीस. नकाशा दुरुस्त होऊन परत आला, तेव्हा तू ती पुन्हा काढलीस. शेवटी साहेब स्वतः जीप घेऊन जागेवर गेले आणि नालीवर तेवढ्या जागी फरशी पडली. त्या दिवशी घरी येऊन तू एवढंच म्हणालीस, "साहेब चांगला हाय. जाऊन बघितलं त्यानं." झालेल्या अपमानाचा त्यात एक शब्द नव्हता. तेव्हा मला तुझा राग आला होता. आता नोकरीत वीस वर्षं काढल्यावर कळतंय, इतका धीर माझ्याच्यानं कधी धरवला नाही.

आमच्या फाट्याचा नकाशा एका सल्लागार कंपनीनं केला. तो लोकांच्या हरकतींसाठी ऑफिसच्या भिंतीवर लावला होता. रस्त्याच्या अलीकडच्या जुन्या वस्तीतली, वसाहतीत बांधकामावर जाणारी एक बाई आली आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हितं तुमी सलग दुभाजक दावलाय. आमी वलांडायचं कुठून?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी फाट्यावर जाऊन बसले. बाया कामाला तिकडं जात होत्या आणि वसाहतीतली पोरं शाळेला इकडं येत होती. दुपारपर्यंत मी त्यांच्या वाटा कागदावर काढल्या आणि दुभाजकात थांबायला जागा, रस्ता ओलांडायचे पट्टे, एसटीचा निवारा घालून नवा नकाशा केला.

लातूरच्या बैठकीत जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "मॅडम, निधी नव्या वसाहतीसाठी आहे. जुन्या वस्तीची सोय त्यात बसत नाही."

"साहेब, त्या वसाहतीतली पोरं जुन्या वस्तीतल्याच शाळेत येतात," मी म्हटलं.

"मग तसं लेखी द्या. नकाशा बदलण्यात मार्च उलटला आणि निधी परत गेला, तर जबाबदारी तुमची."

मी लेखी दिलं. पुढे महिने गेले, फाटा रखडला म्हणून वसाहतीतले लोक येऊन मला बोलून गेले, आणि त्यांचंही चूक नव्हतं. मधल्या काळात अपघात झाला तर मी काय तोंड दाखवू, हा विचार रोज यायचा. आज मंजुरी आली, दुभाजकातल्या जागेसकट आणि पट्ट्यांसकट. निवारा तेवढा कापलाय. त्यासाठी पुन्हा भांडेन.

ऑफिसात आज सगळ्यांनी माझं कौतुक केलं, मॅडमनी चूक पकडली म्हणाले. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहून टाकते. पहिला नकाशा सल्लागारांचा होता, असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खरंच आहे. पण तो भिंतीवर लावण्याआधी तपासल्याची सही माझी होती. जागेवर न जाता, खुर्चीतच बसून मी ती केली होती. ऑफिसपासून फाटा चालत दहा मिनिटांवर आहे.