आधी आबा की आधी मी

४ मार्च २०२५
नकार नाही, पण होकारही नाही. पारनेरच्या धनश्रीचे वडील माझ्या आत्याला म्हणाले, "पोरगं ब्येस हाय, पन घरात बाईमानूस न्हाई. आधी बाई आना, मग पोरगी दिऊ."
आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाई कुठून आणू? मी इथं बंगळुरात कॉम्प्युटर क्लासच्या पोरांना चहा देतो. तिकडं पाथर्डीला माझे वडील, आबा, एकटेच भाकरी करपवतात.

६ मार्च
रंगुआत्यानं तोड काढली — आबांचंच लग्न! शेवगावच्या छबूबाई, त्याही एकट्याच. आबा आधी नको म्हणाले. मग हळूच विचारलं, "भाकरी कशी करत्यात?"

७ मार्च
छबूबाईंचा निरोप — "लग्नाचं पोरगं घरात आन मी बोहल्यावर? लोक त्वांडात शेन घालतील. आधी सून येऊ द्या."
म्हणजे मी आबांसाठी थांबलोय, आबा माझ्यासाठी.

९ मार्च
क्लासातल्या ओमनं फळ्यावर एका गोलातून दोन गोल काढले होते. आमच्याच जिल्ह्यातला, संगमनेरचा तो, म्हणून विचारलं. म्हणाला, चालू प्रोग्राम स्वतःची नक्कल काढतो. मूळचा बाप, नक्कल ते पोरगं. दोघंही तयार उभे.
"मग आधी कोण पळतं?"
"नेम नाही. कुणाची पाळी आधी, ते मशीनमधला शेड्यूलर ठरवतो. कधी बाप, कधी पोरगं. बाप मुद्दाम थांबला, तर मात्र पोरगं आधी, नक्की."
"आणि दोघंही एकमेकांसाठी थांबले तर?"
"मग बसले तसेच. कुणीतरी मधे पडून मोडावं लागतं."
हे तर आमचंच घर. कप तिथंच विसरलो.

१० मार्च
आबांना फोनवर सगळं समजावलं. म्हणाले, "त्या मशीनला भाकरी थापावी लागती का?"
आत्याला म्हणालो, "आत्या, आपल्यात तूच शेड्यूलर."
"शिव्या दिऊ नको," म्हणाली.

१३ मार्च
काही नाही. दूध नासलं.

१६ मार्च
आत्यानं मोडलं. छबूबाईंना बेधडक खोटंच सांगितलं, पोराचा साखरपुडा झाला. आज मोहट्याला देवीपुढं आबा-छबूबाईंनी एकमेकांना हार घातले. फोटो आला — आबांनी माझा शर्ट घातलाय. आणि माझ्यापेक्षा त्यांनाच नीट बसलाय.
पारनेरला लगेच कळवलं, घरात बाई आली.

१८ मार्च
धनश्रीचा स्वतःचा फोन, पहिल्यांदाच.
"बाई माझ्या वडलांना पायजे हुती. मी तर सासू न्हाई म्हनून व्हय म्हनले हुते. आता तिकडं बंगळुरातच खोली बघा."